सवलत देतो कोण, भरतो कोण?

सरकारचे खरे धोरण कळून घ्यायचे असेल तर अंदाजपत्रक वाचावे, असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. तिजोरीतून पैसा बाहेर जातो तेव्हा त्याची नोंद होते, त्यावर चर्चा होते, लेखापरीक्षण होते. पण सरकार जेव्हा एकाला सवलत देते आणि तिचा भार परस्पर दुसऱ्याच्या खांद्यावर टाकते, तेव्हा त्या व्यवहाराची ओळ कोणत्याच अंदाजपत्रकात उमटत नाही. भाडे वाढवायचे नाही, असा कायदा केला की भाडेकरूला दिलासा मिळतो आणि खर्च घरमालकाचा होतो. एखाद्या स्मारकाभोवती बांधकामाला मनाई केली की वारसा साऱ्या देशाचा राखला जातो आणि तोटा शेजाऱ्याचा होतो. करात सूट दिली की आजचा करदाता सुखावतो आणि उद्याच्या पाण्याच्या नळाचा पैसा कमी पडतो. हे तिन्ही निर्णय सरकारने तिजोरीला हात न लावता घेतले. म्हणून ते फुकट वाटले, आणि फुकट वाटले म्हणूनच त्यांचा मुळापासून फेरविचार कधी झाला नाही. या तिन्हींचे परिणाम पुण्याच्या कसबा पेठेत एकत्र पाहायला मिळतात.

कसबा ही पुण्याची मूळ वस्ती. बाकीच्या पेठा तिच्याभोवती नंतर वसल्या. ग्रामदैवत कसबा गणपती इथला, लाल महाल इथला, शनिवारवाडा तिच्या कडेला. तांबट आळी, कागदीपुरा, कुंभारवाडा ही नावे सांगतात की हे शहर आधी कारागिरांचे होते. तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके पाडण्याचे, म्हणजे मठारकामाचे कसब जिवंत आहे. अशी वस्ती टिकावी असे वाटत नाही, असा पुणेकर शोधून सापडणार नाही. ती टिकावी म्हणून कायदेही झाले. तरीही गेल्या काही दशकांत पेठेतले वाडे एकामागून एक पडले किंवा पाडले गेले, आणि जे उरले त्यांतल्या अनेकांच्या भिंतींवर दर पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागते. रक्षणासाठी केलेले उपायच वस्तीच्या मुळावर कसे आले, याचा विचार म्हणूनच करायला हवा.

पहिली सवलत भाड्याची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत घरांची टंचाई झाली, भाडी भडकली, आणि १९४७ मध्ये मुंबई प्रांताने भाडेनियंत्रणाचा कायदा केला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे, असे त्याचे सूत्र होते. कायदा ठरावीक मुदतीचा होता. फाळणीनंतरचे निर्वासित, गिरण्यांकडे आणि कचेऱ्यांकडे येणारे नोकरदार, अपुरी घरे, हे सारे ध्यानात घेता त्या वेळी तो आवश्यकच होता. पण मुदत संपत आली की ती वाढवायची, हा पुढे रिवाज पडला. प्रत्येक विधानसभेला मुदतवाढ सोपी आणि पर्याय शोधणे अवघड वाटले. अखेर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९४० च्या पातळीवर भाडी गोठवून ठेवणे कालांतराने अवाजवी आणि अन्याय्य ठरले आहे. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली. ही वाढ कशावर, हे पाहिले म्हणजे तिचा खरा अर्थ कळतो. एखाद्या खोलीचे भाडे २००० मध्ये २० रुपये होते असे धरू. दरवर्षी ४ टक्क्यांनी, तेही चक्रवाढीने वाढवले, तरी पंचवीस वर्षांनी ते ५३ रुपये होते. एवढ्या पैशात गवंड्याचा एक दिवसही मिळत नाही.

वाडा कसा मरतो, हे जवळून पाहिले पाहिजे. पेठेतला जुना वाडा म्हणजे लाकडी खांब, तुळया आणि कड्यांचा सांगाडा, आणि त्यात भरलेल्या विटांच्या व पांढऱ्या मातीच्या भिंती. ही रचना दीडदोनशे वर्षे टिकते, मात्र एका अटीवर: पाणी आत येता कामा नये. आधी छपरावरची चार कौले सरकतात. त्या वर्षी ती बदलली तर खर्च किरकोळ असतो. बदलली नाहीत तर पाणी भिंतीत मुरते, माती फुगते, आणि भिंतीत गाडलेले तुळईचे टोक कुजू लागते. ते बाहेरून दिसत नाही. चारपाच पावसाळ्यांनी माडीची जमीन एका बाजूला झुकते, मग लोखंडी टेकू लागतात, मग नोटीस येते. मालकाने खर्च का करावा? वर्षभराचे सगळे भाडे एका तुळईला पुरत नाही. भाडेकरूने का करावा? घर त्याच्या नावावर नाही, आणि उद्या वाडा पाडायला निघाला तर केलेली दुरुस्ती मातीतच जाणार. दोघेही आपापल्या जागी शहाणपणाने वागतात आणि दोघांच्या शहाणपणातून वाडा पडतो. कायद्याने भाडे गोठवले. पावसाला मात्र कोणताच कायदा गोठवू शकत नाही.

हे टाळता आले असते, आणि याच राज्याने ते एका ठिकाणी टाळण्याचा प्रयत्न केलाही. मुंबई बेटावरील जुन्या चाळी कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसवला, त्यात सरकारने आपली भर घातली आणि दुरुस्तीची जबाबदारी एका सार्वजनिक मंडळाने घेतली. पुढे हे मंडळ म्हाडाचा भाग झाले. सुरुवातीला अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. या मंडळाचे काम अपुरे आहे, संथ आहे, त्याच्या कारभारावर टीका होते आणि ती योग्यही आहे. तरी तत्त्व बरोबर होते: भाडे गोठवण्याचा निर्णय सरकारचा असेल, तर त्यातून तुंबलेल्या दुरुस्तीचा काही वाटा सरकारने उचलला पाहिजे. भाड्याचा कायदा पुण्यालाही तोच लागू होता, पण मंडळ मात्र मुंबईपुरते राहिले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले असंख्य वाडे भिजून ढासळले, तेव्हा जुन्या गावठाणाचा असा स्वतंत्र विचार करण्याची वेळ आलीच होती. त्या वेळी लोकमान्यनगर, गोखलेनगर यांसारख्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, पूरग्रस्तांना छप्पर मिळाले आणि ते मोठे काम झाले. जुन्या पेठेत मागे उरलेल्या घरांच्या दुरुस्तीला मात्र कायमची यंत्रणा मिळाली नाही. भर म्हणजे, करपात्र मूल्य प्रमाण भाड्यापेक्षा जास्त धरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दिवाण दौलतराय कपूर खटल्यात दिला. भाडे गोठले तसा त्या घरांवरचा करही गोठला. म्हणजे सवलतीचा भार मालकावर पडला, वाड्यावर पडला आणि महापालिकेवरही पडला. सरकारच्या वहीत मात्र तो खर्च शून्यच राहिला.

दुसरा निर्णय शनिवारवाड्याभोवतीचा. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी या वाड्याची पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतली वास्तू जळाली. तटबंदी, दरवाजे, नगारखाना आणि जोती उरली. केंद्र सरकारचे हे संरक्षित स्मारक आहे. अशा प्रत्येक स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, ही व्यवस्था १९९२ च्या अधिसूचनेने आली आणि २०१० च्या दुरुस्तीने मूळ कायद्यातच घातली गेली. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही, आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. माळरानावरच्या एखाद्या मंदिराभोवती १०० मीटर म्हणजे चार शेते. शहराच्या गाभ्यात तो हिशेब पार बदलतो. नुसत्या एका बिंदूभोवती १०० मीटरचे वर्तुळ काढले तरी तीन हेक्टर जागा व्यापते. इथे तर मोजणी विस्तीर्ण तटबंदीपासून होते. कसबा आणि शनिवार पेठेच्या दाट वस्तीतली कितीतरी घरे या रेषेच्या आत येतात. त्यांतला एखादा वाडा राहण्यालायक उरला नाही तरी तो पाडून नवा बांधता येत नाही, आणि बांधता येत नाही म्हणून कोणी भागीदारही मिळत नाही.

हा नियम वाईट हेतूने केलेला नाही. स्मारकाला खेटून उभ्या राहिलेल्या इमारतींनी देशभर किती वास्तूंचा श्वास कोंडला आहे, हे आपण पाहतो. प्रश्न निराळा आहे. शनिवारवाड्याचा अभिमान सातारच्या माणसाला आहे, नागपूरच्या माणसाला आहे, परदेशातून येणाऱ्या पर्यटकालाही तो पाहायचा आहे. मग त्याच्या राखणीचा सर्वांत मोठा खर्च फक्त १०० मीटरच्या आत राहणाऱ्यांनी का करायचा? १९५८ च्या मूळ स्मारक कायद्यातही, कायद्याने दिलेले अधिकार वापरताना जमिनीच्या मालकाचे नुकसान झाले तर भरपाई द्यावी, हे तत्त्व मान्य केलेले आहे. प्रतिबंधित क्षेत्रातल्या रहिवाशाच्या वाट्याला ते तत्त्व येत नाही. त्याहून बोलके उदाहरण पुढचे. या बंदीतून सार्वजनिक कामांना सूट मिळावी म्हणून केंद्र सरकारने दुरुस्ती विधेयक आणले. जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेने ते मंजूर केले, पुढे राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले. स्वतःचा रस्ता आणि पूल अडला तेव्हा ही बंदी फार कडक आहे हे सरकारला जाणवले. कसब्यातल्या माणसाचे घर अडले तेव्हा ती जाणीव झाली नाही, कारण त्या अडचणीची किंमत सरकारी खात्यावर पडत नव्हती.

तिसरी सवलत कराची, आणि ती सर्वांत लोकप्रिय आहे. १९७० मध्ये पुणे महापालिकेने ठराव केला की मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत द्यायची. पुढे लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप आला, राज्य सरकारने ठराव रद्द केला आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्याने कर आकारणी झालेल्या घरांना सवलत मिळेनाशी झाली. परिणाम विचित्र झाला. एकाच गल्लीतली दोन सारखी घरे, बाकी सारे तेच धरले, तर एकाचा कर ६० आणि दुसऱ्याचा १००. म्हणजे दुसरा दोन तृतीयांशाने जास्त भरणार, दोष एवढाच की तो उशिरा आला. हा अन्याय होता आणि लोक चिडले ते रास्तच होते. आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनामुळे फेब्रुवारी २०२३ मध्ये कसब्यात पोटनिवडणूक झाली, तेव्हा मिळकतकर हा प्रचाराचा मोठा मुद्दा होता. १९९५ पासून भाजपकडे असलेली जागा काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी सुमारे अकरा हजार मतांनी जिंकली. एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला. श्रेय सर्वच पक्षांनी घेतले.

या घटनाक्रमात दोन गोष्टी दुर्लक्षित राहिल्या. एक म्हणजे, हा कर महापालिकेचा, त्यातून होणारी कामे महापालिकेची, पण निर्णय मंत्रालयात झाला. पुण्यात तेव्हा लोकनियुक्त सभागृहच नव्हते. मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकाकडे होता. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना स्वराज्य संस्था म्हणून मान दिला, त्याला तीन दशके होऊन गेली. तरी शहराने आपल्या रहिवाशांकडून किती कर घ्यावा हे राज्य ठरवते, आणि सवलतीने पडलेले भोक मात्र शहराने बुजवायचे असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ही सवलत मिळते कोणाला? ती करपात्र मूल्याच्या टक्केवारीने मिळते, म्हणून घर जितके मोठे आणि भाग जितका महाग तितकी सूट मोठी. बंगल्याच्या मालकाला सर्वांत जास्त, दोन खोल्यांच्या मालकाला थोडी, आणि वाड्यातल्या भाडेकरूला शून्य, कारण तो मालकच नाही. भाडेकरू ठेवलेल्या वाड्याच्या मालकालाही ती नाही, कारण तो ती जागा स्वतः वापरत नाही. ज्या पेठेत या सवलतीवर निवडणूक रंगली, तिथल्या सर्वांत मोडकळीला आलेल्या घरांना तिचा काहीच उपयोग नव्हता.

मिळकतकर कमी घेऊनही शहर चालवायचे तर पैसा दुसरीकडून आणावा लागतो. जकात गेली, २०१३ मध्ये आलेला स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, दोनच वर्षांत बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, २०१७ मध्ये जीएसटी आला. आता महापालिकेच्या हातात राहिली मुख्यतः तीन साधने: राज्याकडून येणारे जीएसटीचे अनुदान, मिळकतकर आणि बांधकाम परवानगीतून मिळणारे शुल्क व प्रीमियम. पहिले तिच्या हातात नाही, दुसरे वाढवायला राजकारण आडवे येते, म्हणून ती तिसऱ्यावर झुकते. जास्त एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, दिला की तिजोरी भरते. कॅलिफोर्नियाने हा धडा आपल्याआधी गिरवला आहे. तिथे १९७८ मध्ये मतदारांनी जनमताने घरांवरचा कर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला आणि करपात्र मूल्याची वाढ वर्षाला २ टक्क्यांच्या आत रोखली. जुने रहिवासी खूश झाले. शहरांनी मग नव्या बांधकामावर भरमसाट शुल्क लावले, आणि शेजारच्या तशाच घरात नव्याने आलेल्याला कित्येक पट कर पडू लागला. पुण्यात नवा रहिवासी म्हणजे बहुतेक वेळा हद्दीलगतच्या समाविष्ट गावात घर घेणारा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा कळले की या भागाला विहिरीचे पाणी शुद्धीकरण प्रकल्पाविना, केवळ क्लोरीन टाकून पुरवले जात होते. एखाद्या सवलतीमुळेच ते घडले, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण शहर दुप्पट पसरावे आणि त्याचे स्वतःचे खात्रीचे उत्पन्न वाढू नये, या दोन निर्णयांची गाठ कुठे ना कुठे अशीच पडते.

सरकारला दुसरी वाट माहीत नाही, असेही नाही. जकात आणि एलबीटी जीएसटीत विलीन झाले तेव्हा राज्याने २०१७ मध्ये स्थानिक संस्थांना भरपाई देण्याचा कायदा केला. २०१६-१७ चे उत्पन्न पाया धरून त्यात दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ, असे सूत्र लिहून दिले. शहरांची स्वायत्तता त्यात आक्रसली ही तक्रार खरी आहे. पण हक्काचे उत्पन्न काढून घेतले तर त्याची रक्कम ठरवायची, ती कायद्यात लिहायची आणि राज्याच्या तिजोरीतून द्यायची, हे राज्याने इथे मान्य केले. वाड्याच्या मालकासाठी, शनिवारवाड्याच्या शेजाऱ्यासाठी आणि ४० टक्क्यांमुळे उत्पन्न गमावणाऱ्या महापालिकेसाठी हेच तत्त्व का नको? पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहरापुढेही आपल्यासारखाच पेच होता. युद्धकाळात गोठवलेली भाडी तिथेही तशीच ठेवली गेली. पण नगरपालिकेने १९२३ मध्ये गृहबांधणी कर बसवला, ऐषारामी घरांवर तो चढत्या दराने होता, आणि त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली. भाडेकरूला संरक्षण देण्याची किंमत आहे हे त्या शहराने मान्य केले, ती किंमत करात मांडली आणि मतदारांसमोर ठेवली. ती घरे आजही शहराच्या मालकीची आहेत.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप येईल तो भाडेकरूंच्या बाजूने. भाडे मोकळे केले तर तीन पिढ्या पेठेत राहिलेला, तुटपुंज्या पेन्शनीवर जगणारा म्हातारा रस्त्यावर येईल. हा आक्षेप पूर्ण गांभीर्याने घेतला पाहिजे, कारण भाडेकरूंचे हाल करून होणारी सुधारणा मला मान्य नाही. पण गोठलेले भाडे गरीब ओळखत नाही. सुस्थितीतला दुकानदार आणि निराधार विधवा, दोघांना ते सारखेच मिळते, आणि गरीब मालकाकडून श्रीमंत भाडेकरूकडेही ते पैसा वळवते. गरजू भाडेकरूचे संरक्षण कायम ठेवावे आणि रास्त भाडे व त्याला परवडणारे भाडे यांतला फरक राज्याने आपल्या तिजोरीतून द्यावा. व्यापारी गाळ्यांची भाडी टप्प्याटप्प्याने बाजारभावाकडे न्यावीत. ज्याच्या डोक्यावरची तुळई कुजली आहे त्या भाडेकरूला आजचा कायदा फक्त पडणाऱ्या घराची हमी देतो.

दुसरा आक्षेप वारसाप्रेमींचा. १०० मीटरची रेषा सैल केली तर शनिवारवाड्याभोवती टोलेजंग इमारतींचा वेढा पडेल. ही भीती निराधार नाही, आणि म्हणून मी रेषा पुसून टाका असे म्हणत नाही. स्मारकापासूनचे अंतर, इमारतीची उंची आणि दिसणारा दर्शनी भाग यांचा विचार करून प्रत्येक स्मारकासाठी वेगळे नियम करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. पण समजा, बंदी आहे तशीच ठेवायची ठरली. तर मग शेजाऱ्याचा बुडालेला हक्क विकत घ्या. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंसाठी विकास हक्क हस्तांतरणाची, म्हणजे टीडीआरची सोय आहे. इथे बांधता येत नाही तेवढे क्षेत्र दुसरीकडे वापरता यावे, त्यातून आलेल्या पैशातून हा वाडा दुरुस्त व्हावा, ही वाट प्रतिबंधित क्षेत्रातल्या प्रत्येक घराला खात्रीने आणि सुटसुटीतपणे खुली असली पाहिजे. ज्याला वारशाचा तोटाच सोसावा लागतो तो मनातून त्या वारशाचा शत्रू होतो. त्याला मोबदला मिळाला तर तोच सर्वांत जागरूक राखणदार होईल.

तिसरा आक्षेप करदात्याचा आहे आणि तो मध्यमवर्गात सर्वांत जास्त ऐकू येतो: महापालिका उधळपट्टी करते, रस्ता आज करते आणि उद्या खोदते, मग तिला जास्त पैसा कशाला द्यायचा? कारभाराबद्दलचा राग खरा आहे. पण सवलतीने उधळपट्टी थांबल्याचे उदाहरण दिसत नाही. पैसा कमी पडला की आधी देखभाल कापली जाते, ठेका नव्हे. शिवाय स्वतःच्या नागरिकांच्या करावर जगणारी संस्था त्यांना उत्तर द्यायला बांधील असते. अनुदानावर आणि बिल्डरच्या प्रीमियमवर जगणारी संस्था मंत्रालयाकडे आणि बिल्डरकडे पाहते. ज्याला नगरसेवकाला जाब विचारायचा आहे त्याने आधी शहराचा करदाता म्हणून उभे राहिले पाहिजे. सवलत द्यायचीच असेल तर ती गरजेनुसार द्यावी. मुंबईत २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी दिली गेली. ती क्षेत्रफळावर बेतलेली असल्याने तीही अचूक नाही, पण निदान मर्यादेत आहे. उत्पन्न, वय, वास्तव्य हे निकष लावून दिलेली सूट कसब्यातल्या दोन खोल्यांच्या घरापर्यंत पोहोचेल, आणि बंगल्यापर्यंत जाण्याचे कारण उरणार नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे: सरकारकडे एवढा पैसा नाही. नसेलही. पण मग तेच लोकांना सांगितले पाहिजे. राज्याला परवडत नाही ती सवलत वाड्याच्या मालकाला परवडते, असे गृहीत धरण्याचा अधिकार कोणाला आहे? पैसा नाही म्हणजे खर्च नाही, असे होत नाही. तो खर्च पडलेल्या भिंतीत, वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या न्यायालयीन दाव्यांत आणि टँकरच्या बिलात निघतोच. आणि पैसा अजिबात नाही हेही पूर्ण खरे नाही. पुण्याच्या जमिनीची किंमत ज्या वेगाने वाढली तिचा मोठा भाग मेट्रो, रस्ते, पाणी अशा सार्वजनिक गुंतवणुकीने निर्माण केला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला, त्यावर कसबा पेठेचे स्वतंत्र स्थानक आहे. अशा गुंतवणुकीमुळे मिळणाऱ्या जादा एफएसआयच्या प्रीमियमचा ठरावीक हिस्सा जुन्या पेठांच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवता येतो. मुंबईच्या धर्तीवर, पण अधिक जबाबदार असे दुरुस्ती मंडळ पुण्यासाठी उभारता येते. त्यात मालक, भाडेकरू आणि महापालिका तिघांचा वाटा ठरलेला असावा.

या साऱ्याच्या आधी एक सोपी, बिनखर्चाची सुधारणा हवी. केंद्र सरकार २००६-०७ पासून अर्थसंकल्पासोबत करसवलतींमुळे बुडालेल्या महसुलाचे विवरण संसदेपुढे ठेवते. त्यामुळे सवलती थांबल्या नाहीत, पण कोणत्या सवलतीवर किती पैसा जातो यावर आकडे हातात घेऊन बोलता येऊ लागले. पुणे महापालिकेनेही आपल्या अंदाजपत्रकाला असे परिशिष्ट जोडावे. ४० टक्के सवलतीने किती उत्पन्न सोडले, ते कोणत्या आकाराच्या घरांना मिळाले, थकबाकीदारांच्या अभय योजनेत किती शास्ती माफ केली, गोठलेल्या भाड्यांमुळे किती कर कमी आला, शनिवारवाड्याच्या प्रतिबंधित क्षेत्रात किती घरे अडकली आहेत, हे पानभर आकडे पुरेत. राज्याने लादलेली सवलत असेल तर तिच्यासमोर राज्याकडून येणे असलेली रक्कमही छापावी. आणि यापुढे ज्या सभागृहात किंवा मंत्रिमंडळात कोणतीही सवलत मंजूर होईल, त्याच ठरावात ती कोण भरणार हे लिहिण्याची सक्ती असावी.

असा हिशेब छापणारा पक्ष निवडणूक हरेल, असे राजकारणी मानतात. मला मतदाराबद्दल एवढा अविश्वास वाटत नाही. २०२३ मध्ये कसब्याच्या मतदाराने तीन दशकांचा कौल बदलला, तो आपल्या घराचा आणि कराचा विचार करून. जो मतदार आपल्या बिलातल्या ४० टक्क्यांसाठी इतका जागरूक राहू शकतो, त्याच्यासमोर पूर्ण बिल ठेवले तर तेही तो वाचू शकेल. भाडेकरूला संरक्षण द्यावे, स्मारक राखावे, सामान्य माणसाचा कर हलका करावा, ही तिन्ही कामे सरकारचीच आहेत आणि ती सोडता येणार नाहीत. ती सरकारने स्वतःच्या पैशाने करावीत, आणि जे करायला पैसा नाही ते का करता येत नाही, हे उघड सांगावे. कसबा पेठ वाचवायची असेल तर तिला आणखी एक सवलत देऊन भागणार नाही. आजवर तिच्या नावे वाटलेल्या सवलतींचे थकलेले देणे आधी चुकते करावे लागेल.